टेंपर

उद्यमनगरात माझं लेथ मशीन आहे,
आणि छत्तिसाव्या वर्षी मला बर्पीचं वेड लागलं.
पहाटे साडेपाच, राजारामपुरीत पत्र्याच्या शेडमधली जिम,
वीस सेकंद मरायचं, दहा सेकंद जगायचं.
अभिनंदन ओरडायचा, "भावा, नाद करायचा न्हाई!"
मी करायचो.
फरशीवर घाम माझ्याच आकाराचा पडायचा.

मग एका मंगळवारी उडी घेताना
मांडीच्या मागं काहीतरी सुटलं,
पट्टा निसटल्यावर मोटर नुसतीच फिरते, तसं.

चोपडे मॅडमची खोली औषधाच्या दुकानावर.
वय बासष्ट, केस आखूड, चटई निळी.
"मी सांगतो तेवढंच कर. जोर नको."
(कोल्हापूरच्या बाईचं 'सांगतो'. तिथं वाद नसतो.)
मनात म्हटलं, पिलाटेस म्हणजे झोपून व्यायाम?

पहिल्या दिवशी पाठ उलगडायची होती,
बसल्याचं आडवं होताना, एकेक मणका.
माझी आली सगळी एकदम,
टेम्पोतून सळ्यांचा जुडगा पडावा तशी.
"परत. श्वास बरगड्यांच्या मागच्या बाजूला घे."
बरगड्यांना मागची बाजू असते
हेच मला ठाऊक नव्हतं.

पोट आत, पाय हवेत,
शंभर मोजेपर्यंत हात हलवत राहायचं.
सत्तावन्नला मी थरथरत होतो
सैल चकातल्या जॉबसारखा,
मी, शंभर किलो उचलणारा.

मॅडमना पोलादातलं काही कळत नाही.
मला कळतं:
लाल करून तेलात बुडवलेलं पातं कडक होतं
आणि पहिल्याच ठोक्याला तुकडे.
त्याला परत थोडी ऊब द्यावी लागते, हळू,
वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत.
थोडा कडकपणा सोडला
की मग ते कापतं, आणि टिकतं.
सतरा वर्षं हे करतोय. स्वतःवर कधी केलं नव्हतं.

तीन महिने झाले.
बर्पी वाढल्या म्हणाल, तर फेरीला दोन.
अभिनंदन म्हणतो, एवढ्यासाठी?
पण आता खोल बसलो की टाचा उचलत नाहीत,
आणि दहा सेकंदांच्या त्या जगण्यात
श्वास खरोखर परत येतो.

काल जिन्याखाली बुटाची नाडी बांधायला वाकलो,
एकेक मणका, उगाच, सावकाश.
औषधवाले पोरे काउंटरवरून बघत होते.
"काय हरवलं काय?"
"न्हाई," म्हटलं,
आणि नाडी बांधून झाल्यावरही
जरा वेळ तसाच राहिलो.