धरायचा नाही

नांदेड. मे महिना, दुपारचे तीन.
डाव्या इंजिनाच्या रिव्हर्सरला आज कुलूप आहे,
लाल चिठ्ठी, खाली मेकॅनिक गुळव्यांची सही.
मी उतरण्याचा हिशेब पुन्हा काढते:
वजन, उष्णता, शेपटीकडून पाच नॉट वारा.
कॅप्टन कादरी पेन्सिलीचं टोक आकड्यावर टेकवतात,
"शोध बरं, यात तो कुठे होता?"

शोधते. नव्हताच.
चाकं आहेत, ब्रेक आहेत,
टेकताच पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या आहेत,
वर जेवढी लांबी येईल
तिच्याच दोन-तृतीयांशाची भर.
ज्याच्या गर्जनेनं विमान थांबतं
असं खिडकीशी बसलेला प्रत्येक जण समजतो,
त्याच्यापुढे शून्यसुद्धा नाही.
रकानाच नाही.

आई परळीला कॅलेंडरच्या पाठीवर महिना मांडायची.
दूध, फी, गॅस, भिशी.
दोरीवरच्या कपड्यांवर थर्मलची राख बसत असायची
आणि मी विचारायचे, बाबांचा ओव्हरटाइम?
"तो धरायचा नाही."
एका वर्षी पाण्यावाचून संच बंद पडले.
शेजारच्या डोईफोड्यांनी हप्त्यावरचा फ्रिज परत केला.
आमच्याकडे दूध तेवढंच येत राहिलं,
अर्धा लिटर, कधीचंच.

पावसाळ्यात गोष्ट जरा वेगळी, कादरी सांगतात.
ओल्या पट्टीसाठी हवेत जो तक्ता उघडतो
त्यात त्याला मान आहे,
एक बंद असला तर मीटर वाढवून घ्यायचे.
"पण मान किती? लग्नातल्या चुलत मामाइतका.
त्याच्या भरवशावर मुहूर्त काढत नाहीत."

टेकले.
उजवा एकटाच ओरडला,
नाक त्याच्याकडे ओढ घेऊ लागलं,
डाव्या पायानं सावरलं.
पट्टी संपायला पुष्कळ बाकी होती
आणि आम्ही बैलगाडीच्या चालीवर आलो होतो.

मला वाटलं, आता म्हणतील,
बघ, गरजच नव्हती.
ते म्हणाले, "लिव्हर ओढायला उशीर केलास.
एक सेकंद."

आईचंही तेच होतं.
कॅलेंडरवर कधीच न चढलेल्या त्या ओव्हरटाइमसाठी
रोज सकाळी दोन डबे भरायची.
दुसरा, रात्रीचा,
फडक्यात जास्त घट्ट बांधून.