पितळेची पिन

बस्त्यावकाका म्हणतात, आधी दोरी बघ.
गाठ पक्की आहे का, टोक उसवलंय का.
मग चाकाच्या खाचेत अडकवून दीड वेढा.
दोन नाय.
दोन घेतलेस तर ती मनगटावर सूड घेते.

मोटर साडेपाच घोड्यांची,
माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठी.
दारूखान्यात, तोडलेल्या जहाजांच्या साखळ्यांमागे
किलोच्या भावानं पडली होती.
होडी अकरा फुटी, सागवानी, पुढची काच वाकवलेली.
स्टिअरिंग मात्र फियाट टॅक्सीचं.
हॉर्नचं बटण अजून आहे त्यावर, आणि माझा हात
अजून जातो तिकडे, समोर बगळा आला की.

पेट्रोल चोवीस भाग, तेल एक.
रे रोडच्या पंपावरचा पोरगा विचारतो, कुठली स्कूटर?
मी म्हणते, आहे एक जुनी.

पहिला झटका: काही नाही.
दुसरा, तिसरा: तेच.
कार्ब्युरेटरची टिकली दाबली, बोट ओलं होईपर्यंत.
चौथ्याला ती खोकली.
सहाव्याला दोरीचं टोक माझ्या गालावर.
मग काकांनी प्लग काढला,
चहाच्या स्टोव्हवर पापडासारखा भाजला,
फुंकर मारून परत बसवला.
नवव्याला
निळा धूर, आणि सगळ्या लकडी बंदरावर
बाबांच्या लँब्रेटाचा वास.

खिशात भावाचा फोन थरथरला.
खोली, सह्या, वकील.
उचलला नाही.
मोटर चालू असली की फोन ऐकू येत नाही,
हे खोटं मी तेव्हाच तयार केलं.

गंजक्या तळांच्या सावलीतून बाहेर पडलो.
मोऱ्याला निघालेल्या लाँचवरून एका बाईनं
टोपलीसकट हात हलवला.
नाक वर, पाणी दोन्हीकडे कापडासारखं फाटत,
आठ मैलांचा वेग, पण पाण्यालगत बसलं की
आठ मैल म्हणजे अशक्य काहीतरी.
काका हसत होते. दात डब्यात ठेवून आले होते.

क्रॉस आयलंडच्या अलीकडे जाळ्याचा तुकडा.
मोटर एकदम किंचाळली,
पंखा मात्र गप्प.
काकांनी ती बंद केली.
ओहोटी आम्हाला कुलाब्याकडे ओढू लागली, सावकाश,
ओळखीच्या माणसासारखी.

मागच्या फळीवर काका पालथे,
अठ्ठ्याहत्तर वर्षं, आणि मी त्यांचा पट्टा धरून.
पंखा उतरवला. आत पिन, दोन तुकडे.
खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यात
एक जपमाळ, फ्यूजची तार, आणि शेवटची पिन.
मी म्हटलं, खिळा घालू या. पोलादी.
परत तुटणार नाही.

त्यांनी मान वळवली, पाणी टपकत होतं नाकावरून.
"मग दात तुटतील गिअरचे.
ते कुठून आणशील?
होडीत तुटायला कायम
काहीतरी स्वस्त ठेवावं."

बाकी काही बोलले नाहीत.
पंखा फिरवून बघितला. पुन्हा दीड वेढा.
या वेळी तिसऱ्यालाच.

बंदरावर निळ्या पिंपात गोडं पाणी भरलं,
तिला त्यात पाच मिनिटं चालू ठेवली, मीठ निघेपर्यंत.
पिंप थरथरत होतं, शेजारचं कुत्रं त्याच्यावर भुंकत होतं.
मी लांब जाऊन भावाला फोन लावला.
आईचं कपाट तू घे, म्हटलं.
तो थांबला. म्हणाला, आवाज कसला येतोय?

परतले तर काकांनी हातात एक
पितळेची कांडी ठेवली, आणि कानस.
पुढच्या रविवारपर्यंत सहा.
आणि घाईत घासू नकोस,
जाड राहिली तर ती तुटत नाय.