पाचशे अक्षरांत उत्तर

दोन तारे.
‘जागा बरी. मालक सारखे जिन्यात. पाण्याला वास.
खिडकी फोटोत मोठी दिसते.’

खिडकी आहे तेवढीच आहे हो.
फोटो मी काढला, स्टुलावर चढून,
स्टूल वैजयंतीनं धरलं होतं.
मोठी दिसली तर ती करामत सकाळची.
दांडिया बाजारात साडेसातचं ऊन
समोरच्या सहकारी बँकेच्या पाटीवर आपटून
तिरकं आमच्या माडीवर येतं.

खाली उत्तराची चौकट. पाचशे अक्षरं, जास्त नाही.
एकतीस वर्षं महापालिकेत मी तक्रारींना उत्तरं दिली,
‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवला आहे.’
कुठे पाठवला, हे मलाही माहीत नसायचं.
आता अर्ज माझ्यावर आलाय.

लिहितो:
बुकिंग दोघांचं होतं. अष्टमीच्या रात्री
जिन्यात चपलांचे जोड सात.
पुसतो. चपला मोजणारा मालक,
हेच तर त्यांचं म्हणणं आहे.

लिहितो:
रात्री तीनला गच्चीवर स्पीकर.
गरबा मैदानात संपला होता,
यांच्या पायांत संपला नव्हता.
शेजारच्या हसुबेनचा फोन, ‘फणसेभाई, आ शुं मांड्युं छे?’
म्हणून मी जिन्यात होतो,
पायजम्यावर, एका पायात माझी सपाता, एका पायात वैजयंतीची.
वर जायचं धाडस नाही, खाली जायची सोय नाही.
हेही पुसतो.

दाराआड नियमांचा कागद आहे. तीन भाषांत.
चौथा नियम तांबड्या शाईत, वैजयंतीच्या वळणदार अक्षरात.
त्याच खिळ्यावर त्यांनी ओला टॉवेल टांगला.
चौथा विरघळून पाचव्यात उतरला,
पाचवा होता: झाडांना पाणी घालावं.

राहिला पाण्याचा वास.
ह्याचं उत्तर मला पाठ आहे आणि लिहिता येत नाही.
जिन्याच्या वळणावर पाहुण्यांचा माठ असतो.
त्यात बाटली, मान वर काढून, बूच सैल.
आमच्या माठात!
दारूबंदीच्या राज्यात हे वाक्य पूर्ण केलं
तर पूर्णविरामापाशी मीच उभा.
घर माझं, माठ माझा, सही माझी.

खोलीतून पाच निघाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळल्या,
डब्याच्या पिशवीत घातल्या, वर पालकाच्या दोन जुड्या,
आणि दुसऱ्या पहाटे स्कूटरवरून विश्वामित्रीचा पूल गाठला.
खाली मगर होती. ओंडक्यासारखी, डोळे तेवढे पाण्यावर.
तिनं माझं काय वाकडं केलंय?
बाटल्या परत आणल्या. तांदळाच्या डब्यामागे आहेत अजून.
कुकर लावताना वैजयंती त्यांच्याकडे बघते, मग माझ्याकडे.
पालक तेवढा त्याच दिवशी केला.

एक सांगायचं राहिलं.
ते गेल्यावर खोली उघडली, तेव्हा सगळा पसारा आणि
कोपऱ्यातल्या एका गादीवर चादर,
चौघडी, कडेला कड लावून.
वळणावर माठ नव्हता.
शोधला तर गच्चीत, घासून पालथा घातलेला,
काथ्याचे दोन धागे काठाला चिकटलेले.

सातवी असणार.
सातव्या जोडातल्या एका चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन होती.
उजाडता उजाडता खाली उतरताना म्हणाली, ‘काका, सॉरी.’
मला वाटलं, वाट अडवून उभा आहे मी, म्हणून म्हणतेय.
अंग चोरून भिंतीला लागलो.

बुकिंगमध्ये तिचं नाव नाही.
नाव नाही त्याला तारे देता येत नाहीत,
आणि मलाही तिला काही देता येत नाही.

शेवटी लिहिलं:
‘खिडकीबद्दल क्षमस्व.’
शिल्लक अक्षरं चारशे एक्क्याऐंशी.

पाठवलं,
आणि उठून माठ भरला.