दोन दाते मागे

वादी कबीर, दुपारचे दोन.
जॅकवर चढलेली जुनी सनी,
मागच्या ड्रममध्ये नवे लायनर,
आणि मी पुठ्ठ्यावर, पालथा.

भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून
दातेरी चक्री फिरवतो. टिक्. टिक्.
मग चाक हाताने फिरवून कान देतो.
"घासलं पाहिजे, अडता कामा नये,"
सोलकरचाचा म्हणतात, "अडलं तर दोन दाते मागे."
त्यांचा उजवा कान गेलाय.
ते टायरवर तळवा ठेवून ऐकतात.

संध्याकाळी कुरियातच्या रस्त्याला
साठवरून वीस, पुन्हा साठवरून वीस.
पुरतं थांबायचं नाही,
मध्ये वारा लागू द्यायचा.
बाराव्या खेपेला करपल्याचा वास.
गाडी कडेला घेतली, हँडब्रेकला हात घातला,
तर चाचांनी मनगट धरलं:
"तापलेल्याला आवळू नको. चिकटतं."

खिशात फोन थरथरला. दाभोळ.
तिसऱ्यांदा.
लग्नाला चाळीस दिवस, त्यातले अकरा सोबत,
आणि काल रात्री दोघांचाही आवाज चढलेला.

चाचा उतरले,
चाकाला लावायला दगड आणतो म्हणाले.
पायाशीच दगड पडलेले, हवे तेवढे.
तरी बराच वेळ
ते लांब कुठेतरी वाकून शोधत राहिले.