कल्हईच्या आधी

बरणीत सहा गप्पी मासे.
शहाण्णव तास जगायला हवेत, बासष्ट झालेत.
उखर्डूभाऊ येता-जाता वाकतो,
ओठातल्या ओठात मोजतो.

आमची शेड अमळनेरात, रेल्वे फाटकापलीकडे.
सुरतेची गाडी गेली की बाटल्यांतलं पाणी थरथरतं.
धडगावचे रिठे,
ज्यूसवाल्यांकडची मोसंबीची सालं,
केळीच्या खुंटाची राख,
एवढ्या भांडवलावर आम्ही
अंकलेश्वरकडच्या कुठल्याशा तेलविहिरीची
दोन हजार मीटर खोलवरची भिंत धुणार.
"तेलन्या विहिरले रिठा?" मामा हसला होता,
चहा नाकातून येईपर्यंत.

खडक आणि पोलादी नळी यांच्यात
जेमतेम दोन बोटं जागा,
तिथं सिमेंट उतरायचं असतं.
पण ड्रिलचा तेलकट चिखल भिंतीला बिलगून बसतो.
त्याच्यावर सिमेंट वाळतं, धरत नाही.
मग केसाएवढ्या फटीतून
गॅस वर यायला लागतो, घाई न करता.

पूर्वी डिझेलनं धुवायचे.
निघतो चिखल त्यानंही, खोटं का बोलू?
पण त्या धुवणात सोडलेले मासे
माझा चहा निवायच्या आत उताणे झाले होते.

हे कॉलेजात नंतर कळलं.
आधी लतीफचाचाच्या भात्यापाशी.
पातेलं तापवून नवसागर टाकायचा,
पांढऱ्या धुरात बोळा फिरवायचा,
कथील सगळ्यात शेवटी.
"मळ ऱ्हायना ते कथील धरत नही, बेटा."
मी नाक दाबून उभी, हातात आईची परात.

काल चिखल माखलेली नळी
आमच्या पाण्यात दहा मिनिटं फिरवली.
वर साधं पाणी ओतलं.
थेंब घरंगळले नाहीत,
पोलादावर सपाट पसरले.
बोट फिरवलं तर करकरलं,
राखेनं घासलेल्या ताटासारखं.
ही स्वच्छता कुणी बघणार नाही.
सिमेंट तिच्यावर कायमचं बसेल,
आणि आमचं नाव निघालंच कधी
तर समजायचं, काहीतरी गळतंय.

"ताई, पाच."

एक मासा तळाशी, कडेला.
नियमात पाच चालतात. तीनही चालतात.
मी पेन उचलते.
उखर्डूभाऊ काही बोलत नाही.
राखेच्या डब्यातली पळी काढतो,
तिच्याकडे बघतो,
आणि अर्धी परत ओततो.

दुसरी बरणी धुतोय तो.
तास पुन्हा शून्यापासून.