दोन पेन्सिली

झीलंड, मिशिगन. फेब्रुवारी.
खिडकीच्या काचेवर आतूनच बर्फ धरलेला.
व्हँडरवाल बाई तासाआधी प्रार्थना करतात,
मग पेन्सिली वाटतात:
पाप दिसलं की लाल,
कृपा दिसली की निळी.

महिनाभरात माझं पुस्तक लालभडक.
देव भांडखोर, वीर रुसके,
पानापानावर कुणीतरी कापलं जातंय.
निळीचं टोक अजून कारखान्यातलंच.

मग तो म्हातारा राजा आला,
रात्री, एकटा, शत्रूच्या तंबूत.
ज्या हातांनी मुलगा मारला
त्याच हातांपुढे वाकला,
म्हणाला, प्रेत तेवढं दे.

मी हात वर केला.
"ह्याला तर प्रभू ठाऊकच नव्हता, बाई.
मग रंग कुठला?"

डर्कने खुर्ची करकरवली.
रेडिएटर ठणठणला.
बाई काही बोलेनात.
त्यांच्या टेबलावरच्या चौकटीतून
गणवेशातला पोरगा आमच्याकडे बघत होता,
नेहमीसारखाच.

"आम्हाला," त्या म्हणाल्या, "सतरा दिवस लागले,
त्याला घरी आणायला."
एवढंच. मग घंटा झाली.

घरी आई पोळ्या लाटत होती,
जालन्याच्या चर्चमध्ये लहानपणी पाठ केलेलं
एक वचन पुटपुटत, अर्धं विसरलेलं.
काय शिकवलं गं आज?
एका बापाचं, मी म्हटलं. शत्रूच्या दारात
मुलाला न्यायला गेलेल्या.
"मग ते आपलंच की,"
ती म्हणाली, आणि पोळी उलटली.

रात्री निळीला टोक केलं.
ओळ मात्र
तशीच ठेवली.