सदतीस मीटर

नदीच्या अलीकडचं गाव माझ्याकडे.
सहाशे बारा मीटर. बहुतेक जिन्याखाली,
काही देव्हाऱ्याच्या बाजूला,
एक तर लोणच्याच्या बरण्यांमागे.
तिथं आकडा वाचायचा तर आधी बरण्या उतरवायच्या,
आणि उतरवल्या की फोड चाखायचीच.

रविवार कारंज्यावर सकाळी एकजण भेटला, पाठीवर सॅक,
मोबाइलमध्ये यादी: नाशिकमध्ये काय पाहाल.
काळाराम झाला, सीतागुंफा झाली, रामकुंडावर फोटो झाला.
"आता इकडं काय आहे?"
म्हटलं, इकडं काही नाही, इकडं लोक राहतात.
मग मलाच तुटक वाटलं.
म्हटलं, चल, माझे सदतीस राहिलेत. जाता जाता बघ.

ही तांबट लेन.
पूर्वी इथं शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे.
ठोके थांबले,
रंगनाथ वडक्यांचा आवाज काही खाली आला नाही.
त्यांच्या कारखान्याला या महिन्यात चार युनिट,
मागच्या महिन्यात चार, त्याआधी चार.
"एक बल्ब आहे ताई," ते ओरडतात,
"घंगाळांना अंधारात करमत नाही!"

इथून उतार. मग चढ. मग परत उतार.
नऊ टेकड्यांवर वसलंय म्हणतात गाव.
मी मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्यात.
त्यांचा आकडा अकरा येतो.

थांब. पायाखाली बघ.
काय दिसतंय? रस्ता. एक बुलेट, दोन स्कूटी,
भाजीच्या गाडीखाली झोपलेलं कुत्रं.
खाली रहाड आहे. दगडी हौद, दोन पुरुष खोल.
वर्षभर मातीखाली गुपचूप,
रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून रंग करतात,
पूजा होते, आणि मग धप्पा!
अंगणभर उंच उडतो रंग.
मी एकदाच मारला, नोकरी लागली त्या वर्षी.
आठवडाभर कानामागे केशरी होते,
लोक बिलाचं भांडण विसरून हसायचे.
तो वाकून डांबराचा फोटो काढतो.
बुलेटवाला म्हणतो, काय हरवलंय का?

दहीपुलावर मी त्याला विचारलं, पूल कुठाय?
त्यानं चारी बाजूंना पाहिलं: साड्या, पितळ, चष्मे.
"खाली सरस्वती आहे," मी म्हटलं.
सराफांना विचार, त्यांना पक्कं माहीत आहे.
जोराचा झाला की ती शटरखालून येते,
सोनं न घेता जाते.

आणि हे आमचं सगळ्यात जुनं मीटर:
दुतोंड्या मारुती.
पाणी गुडघ्याला आलं की टपऱ्या उचलायच्या,
कमरेला, की भांडीबाजार आवरायचा,
छातीला आलं की शाळेला सुट्टी
आणि मुलं पुलावर, पूर बघायला.
ह्याचं रीडिंग घ्यायला कुणी नेमावं लागत नाही.

छत्तीस झाले.

शेवटचं काझीगढीवर, जुबेदाआपांचं.
मी आले तेव्हा मीटर मागच्या भिंतीवर होतं.
एका पावसाळ्यात भिंत नदीकडे गेली.
मग स्वयंपाकघरात लावलं. पुढं स्वयंपाकघरही.
आता पुढच्या दाराशी आहे, चपलांच्या वर.
"आणि यानंतर?" त्यानं विचारलं.
"यानंतर रस्त्यावर," आपा म्हणाल्या,
"तुम्हाला आत यायला नको, आम्हाला चहा करायला नको,"
आणि चहा ठेवला.

लाइट गेले होते. त्यानं मोबाइलचा टॉर्च धरला,
आकडा वाचला, मी लिहून घेतला.
मग ठक्कर बाजारची रिक्षा करून गेला तो.
यादीत काही लिहिलं का, मी विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात टोटल लागेना.
शेवटचा आकडा. सहाला आठ वाचलं होतं पोरानं.
दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी चढले परत.
सहाच होता.
खरं तर फोनवर विचारता आलं असतं आपांना.
मीटर चपलांच्या वर होतं,
कालच्याच जागी.
तेवढं बघून आले.